चाफ्याआडचं लुगडं

त्या रोपाच्या मावळतीला दोन बांबूंवर लाल लुगडं ताणलंय ना, ते वाळत घातलेलं नाही. येणारा प्रत्येक पाहुणा तसंच समजतो. ते कुणाच्या तरी लग्नाचं लुगडं आहे. जरा टेका, सांगतो. मला लिहिता-वाचता येत नाही, जुन्या माणसांकडून ऐकलं तेवढंच ठाऊक.

फार मागं या गावात तापी नावाची सून आली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिची आई गेली, म्हणे. माहेरी दुसरं कुणी नव्हतं. आईच्या दारातल्या सोनचाफ्याचं एक रोप तेवढं तिनं आणून परसात लावलं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. तापीचं माहेर म्हणजे आता हे रोप.

चैत्र तापला, तशा पानांच्या कडा करपायला लागल्या. तहान लागली असेल, म्हणून ती भर दुपारी पानांवर पाणी ओतायची. पानं आणखीच काळवंडली. विहीर आटत आलेली. सासू केसरबाई म्हणाली, "ना फळ, ना भाजी. आखाजीला हिरवं पान दिसलं नाही, तर उपटून शेवगा लावीन."

एके दिवशी तापीनं कुंपणावर गोधडी वाळत घातली आणि विसरली. संध्याकाळी बघते, तर गोधडीआडची पानं जशीच्या तशी. तिला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी ती येता-जाता रोपाकडेच बघत राहिली. सकाळचं ऊन पान सोसतं. तिसऱ्या प्रहरी मावळतीकडून ऊन आणि झळा आल्या की कड वळते.

गोधडी जड, वाऱ्यानं सारखी पडायची. घरात दुसरं जास्तीचं कापड नव्हतं. तापीनं पेटीतलं लग्नाचं लुगडं काढून मावळतीला ताणलं. पाणी पहाटे, आणि तेही मुळाशी, पाचोळ्याखाली.

केसरबाई म्हणाली, "झाडाला आडपडदा केलास. आता सोयरीकही बघ त्याची."

"एवढी आखाजी होऊ द्या, आत्याबाई."

आखाजीच्या सकाळी केसरबाई कुदळ घेऊन आली, असं सांगतात. लुगड्याचा लाल रंग उडून कांद्याच्या सालीसारखा झालेला, पदर वाऱ्यानं फाटलेला. आणि त्याच्या आड दोन कोवळी पानं. केसरबाई खाली बसून बराच वेळ बघत राहिली. मग घरात गेली, स्वतःचं लग्नाचं लुगडं आणलं आणि फाटक्याच्या जागी बांधलं.

"बस इथंच," ती सुनेला म्हणाली. "तुझी पुरणपोळी इथं आणते."

त्या चाफ्याच्या बियांची झाडं आता घरोघरी आहेत. आजही नव्या रोपाच्या पहिल्या उन्हाळ्यात घरातली बाई आपलं लग्नाचं लुगडं त्याच्या मावळतीला ताणते. म्हणून आमच्या गावात न विटलेलं लग्नाचं लुगडं सापडायचं नाही. आणि जिचं माहेर उरलं नाही, ती आखाजीला चाफ्याखाली बसते. सासू तिचं ताट तिथं नेऊन देते.

हे समोरचं लुगडं माझ्या सुनेचं. हात लावून बघा, एका अंगानं फिकं व्हायला लागलंय.