मुक्याचा डोह

उंबरखेडीच्या घाटाखाली हे काळं पाणी दिसतं ना, त्याला मुक्याचा डोह म्हणतात. इथे कुणी मुका बुडाला असं बाहेरची माणसं धरून चालतात. तसं नाही. मुका वर पायरीवर बसला होता, कोरडा ठणठणीत.

रखमाजी गुरव त्याचं नाव. फार भाविक माणूस, असं सांगतात. श्रावणभर मौन पाळायचा. बायाबापड्या त्याच्या पाया पडायच्या. आतून मात्र तो धुमसत असे. देवाच्या पालखीचा पुढचा खांदा पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरचा, तो पंचांनी चुलतभावाला, धोंडजीला दिला होता. रखमाजी जपाला बसायचा आणि मण्यामण्याला धोंडजीचं वाटोळं चिंतायचा. तरी आपण देवाच्या जवळचे, हा त्याचा विश्वास तसूभर हलला नव्हता.

त्या श्रावणात पुराने घाटाच्या डावीकडची वाळू खरवडून नेली. ते एकट्या रखमाजीने पाहिलं होतं. उन्हं वर आल्यावर धोंडजी आंघोळीला आला आणि रोजच्यासारखा डावीकडूनच उतरू लागला. त्याला पोहता येत नव्हतं. रखमाजीच्या जिभेवर शब्द आला होता म्हणे. मग त्याला व्रत आठवलं, आणि आठवलं याचं बरं वाटलं. त्याने माळ घट्ट धरली. धोंडजी एकदाच वर आला.

आणि गावाने काय करावं? रखमाजीचं कौतुक केलं. भाऊ डोळ्यांदेखत गेला, पण पठ्ठ्याने व्रत मोडलं नाही! तेराव्याला पंगत बसली तेव्हा पंचांनी पालखीचा मानही त्याला परत देऊ केला. धोंडजीची बायको चांगुणा तेवढ्यात पुढे आली.

“भावजी, तोंड बांधलं हुतं तुमचं,” ती म्हणाली. “हात कुणी बांधलं हुतं?”

पंगत तशीच उठली. श्रावण सरल्यावर रखमाजी व्रत सोडायला देवासमोर उभा राहिला, तर तोंडातून आवाजच फुटेना. तो मरेपर्यंत फुटला नाही. देवाने शिक्षा केली म्हणतात. मला विचाराल तर फार हलकी केली.

आजही उंबरखेडीत कुणाला मौन धरू देत नाहीत. श्रावणात घाटावर अनोळखी पाऊल वाजलं की तिथल्या देवळातला गुरव आरती अर्धी टाकून बाहेर धावतो आणि ओरडतो, “डावीकडं खोल हाय!” देव तिथे तसाच खोळंबतो. त्याची हरकत असती, तर इतक्या पिढ्यांत कळली असती.