ऐकणाऱ्या कपड्यांचं राज्य

एका राज्यात कपडे ऐकत असत. माणसं ऐकत नसत, हा भाग वेगळा.

राजकन्या वेणुमती सात डोंगरांपलीकडच्या विद्यानगरीतून शिकून परतली, तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. बारा वर्षं ती तिथे वस्त्रविद्या शिकली होती. धुक्याला अस्तर कसं लावावं, उन्हाची किनार कशी काढावी, कुणी कधी न पाहिलेला आकार कापडातून कसा उभा करावा, हे सारं तिच्या बोटांत होतं. तिला वाटलं होतं, वेशीवर चौघडा झडेल. पोरीबाळी गराडा घालतील, "ही बाही अशी कशी हो काढलीत?" म्हणून विचारतील. वर्षभरात अवघं राज्य मोराच्या पिसाऱ्यासारखं फुलेल.

वेशीवर चौघडा नव्हता. एक भाजीवाली होती. ती म्हणाली, "बाई गं, केवढ्या त्या बाह्या! रस्ता झाडायला निघालीस का?"

तत्क्षणी वेणुमतीच्या मोरपंखी बाह्या सरसर आखडल्या आणि कोपरावर येऊन थांबल्या.

पुढे एक सोनार भेटला. "रंग अंमळ भडक नाही?" असं तो म्हणताच रंग उतरला. एक म्हातारी म्हणाली, "गळा मोठा." गळा कानांपर्यंत चढला. तिची सून म्हणाली, "सासूबाई, आता जीव गुदमरेल तिचा." गळा फाटून छातीवर लोंबला. घेर कमी झाला, वाढला, पुन्हा कमी झाला. वेणुमती राजवाड्याच्या पायरीवर पोचली तेव्हा तिच्या अंगात मातकट रंगाचं, बिनआकाराचं, पोत्यासारखं काहीतरी होतं. तिनं वळून पाहिलं. भाजीवाली, सोनार, सासू, सून, सगळे तेच ल्यालेले. ज्याच्याबद्दल कुणाला काहीच बोलण्यासारखं उरत नाही, असं ते एकच वस्त्र होतं.

त्या राज्यात नावं ठेवणं ही निंदा नव्हती, ख्यालीखुशाली होती. इतर मुलखांत लोक "बरे आहात ना?" असं विचारतात. इथे "पदर कसा गं घेतलायस?" असं विचारत. जितकी माया जास्त, तितकी खोड मोठी.

दारात दाई गोजराबाई निरांजन घेऊन उभी होती. तिनं वेणुमतीला दूध पाजून वाढवलं होतं. वेणुमतीनं तिला मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "दाई, हे काय गोणपाट पांघरलंयस? जरा रंग नको? जरा झालर नको?"

म्हणताच दाईचं मातकट लुगडं भगवं झालं आणि त्याला झालरीवर झालरी फुटल्या. झालरी दोन्ही हातांनी गोळा करून ती ठेचकाळत आत गेली.

"आईसाहेब कुठे आहेत?" वेणुमतीनं विचारलं.

"पडद्याआड," दाई म्हणाली. मग झालरींच्या ढिगात बसून तिनं घडलं ते सांगितलं.

वेणुमती शिकायला गेली त्याच वर्षी राजा निवर्तला, हे तिला निरोपानं कळलं होतं; मग राज्य राणी शाल्मलीकडे आलं. राणीला एकच काळजी लागली: लोकांना आपण आवडू ना? सणावाराला ती ज्याला त्याला विचारी, "मी कशी दिसते?" शेवटी तिनं तंतुनाथ मांत्रिकाला बोलावून वर मागितला, की लोक म्हणतील तसं माझं वस्त्र होऊ दे. तंतुनाथ "होवो" म्हणाला. राणी भरल्या दरबारात आली. एक म्हणाला लांब हवं, दुसरा म्हणाला आखूड हवं, तिसऱ्याला रेशीम हवं होतं, चौथ्याला सूत. वस्त्रानं सगळ्यांचं ऐकलं, आणि सगळ्यांचं ऐकता ऐकता त्याच्या चिंध्या चिंध्या झाल्या. दासींनी दालनाचा पडदा ओढून राणीला झाकलं. ती त्या पडद्यामागून पुन्हा बाहेर आली नाही. शाप मात्र पाण्यावरच्या तेलासारखा साऱ्या राज्यात पसरला.

वेणुमती पडद्यापाशी गेली. "आईसाहेब, मी आले."

"आलीस, वेणू?" आतून आवाज आला. "कशी दिसतेस गं?"

बारा वर्षांनी पहिला प्रश्न हा. वेणुमतीच्या डोक्यात तिडीक गेली. "पोत्यासारखी," ती म्हणाली. "पण तुम्हाला बाहेर काढल्याशिवाय राहणार नाही."

राजवाड्यामागच्या उंबरावर एक धनेश पक्षी राहत असे. त्याला माणसांची भाषा येई, पण बोलायचा कंटाळा असे. वेणुमतीनं त्याला शाप मोडण्याचा उपाय विचारला.

"तंतुनाथाला विचार. पश्चिमेच्या टेकडीवर, चरख्याच्या चाकात राहतो."

"काय घालून जाऊ?"

"मला काय विचारतेस? मी पिसं घालतो," धनेश म्हणाला आणि त्यानं चोच मिटली.

तंतुनाथ खरंच चाकात बसला होता आणि चाकाबरोबर गरगर फिरत होता. तो वर आला की बोले, खाली गेला की गप्प होई.

"मी शाप दिला नाही," तो वर येऊन म्हणाला. "मागितलं ते दिलं."

"मग परत घ्या."

तो खाली गेला. वर येईपर्यंत वेणुमती दात आवळून उभी राहिली.

"स्वतःसाठी वस्त्र शिव. ते लेवून पूर्ववेशीपासून पश्चिमवेशीपर्यंत भर बाजारातून चाल. वस्त्र होतं तसं राहिलं, तर शाप सुटेल. तीनदा संधी. तिन्ही हुकल्या, तर आईशेजारी पडद्याआड तुझीही बैठक."

"मान्य," ती म्हणाली. शिकलेल्या माणसाला तीन संधी म्हणजे दोन जास्तच वाटतात.

पहिलं वस्त्र तिनं विद्येनं शिवलं. विद्यानगरीतल्या गुरूंना दाखवलं असतं तर त्यांनी माना डोलावल्या असत्या, असं ते होतं. खांद्यांवर वेताच्या कांबींचे पंख, अंगावर सात पदरी मलमल, आणि बाही एकच. दुसरी बाही नसणं हाच त्यातला विचार होता. पूर्ववेशीतून ती मान ताठ करून निघाली.

तिची चुलत आत्या कुसुंबा बाजाराच्या तोंडाशीच बसलेली असे. साऱ्या राज्यात तिच्याइतकं मायाळू आणि तिच्याइतकं फटकळ कुणी नव्हतं.

"अगं माझे बाई!" आत्या ओरडली. "पतंग अडकला का गं खांद्याला?"

पंख फडफडले, पतंग झाले आणि उडून गेले. लोक हात उंचावून त्यांच्या दोरीमागे धावले. मलमलीचे सात पदर सात जणांच्या बोलण्यानं सात दिशांना गेले. वेणुमती पोत्यात घरी आली आणि तिनं कात्री भिंतीवर फेकली.

"अडाणी लोक!" ती म्हणाली. "यांना नवं काही दाखवायची सोय नाही!"

"लोक बोलतातच," दाई म्हणाली. झालरीवर पाय पडून ती पुन्हा पडता पडता वाचली.

दुसरं वस्त्र तिनं रागानं शिवलं. तांब्याचे खवले, मानेभोवती बाभळीचे काटे, पाठीवर साळिंदराचे काटे. ते पाहून बोलायची छातीच होऊ नये, असा तिचा बेत होता आणि बेत फळलाही. ती बाजारातून निघाली तशी माणसं भिंतींना चिकटली. भाजीवालीनं टोपली डोक्यावर धरली. कुसुंबा आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं, असं त्या राज्यात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

अर्धा बाजार सरला. पाऊण सरला. वस्त्रातला एक खवला हलला नाही. सगळीकडे चिडीचूप.

पश्चिमवेस समोर दिसू लागली आणि वेणुमतीला चैन पडेना. एवढं शिवलं, बोटं सोलली, आणि कुणी हूं नाही की चूं नाही. तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे, कुणी काही बोलत का नाही?"

वस्त्रानं ते ऐकलं. तांब्याचा खवलान् खवला घंटा झाला आणि एकदम घणघणू लागला. त्या नादानं सगळ्यांची भीती उडाली, आणि अडवून धरलेलं सारं बोलणं एकाच वेळी बाहेर पडलं. वेशीपासून हाकेच्या अंतरावर वेणुमतीच्या अंगात पुन्हा पोतं होतं.

त्या दुपारी ती जमिनीवर पाय पसरून बसली. दाई शेजारी येऊन झालर उसवू लागली. एक उसवली की तिथेच दुसरी फुटत होती.

"तू हे अजून घालतेसच का?" वेणुमती वैतागून म्हणाली.

"तुम्ही म्हणालात ना, झालर हवी," दाई शांतपणे म्हणाली. "दुसरं कुणी काही म्हणालं तरी बदलत नाही. तुमचं बोलणं फार मनापासूनचं होतं, ताईसाहेब. मला विहिरीवर जाता येत नाही. चुलीशी बसता येत नाही. पेट घेईल म्हणून स्वयंपाकघरात कुणी येऊ देत नाही."

भाजीवालीनं बाही कापली म्हणून वेणुमतीनं अवघं गाव अडाणी ठरवलं होतं. तिनं दाईचं जगणं कापलं होतं, तेही मिठी मारता मारता.

"तुला काय हवं होतं?" तिनं विचारलं.

दाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला पक्ष्यांच्या भाषेत विचारलं होतं. "मला?" ती म्हणाली. तिनं उसवायचं थांबवलं. "गोणपाटाचं बरं होतं हो. ऊब असायची. फक्त खिसा नव्हता."

बोलता बोलता झालरी गळून पडल्या. ऊबदार जाडंभरडं लुगडं आलं, आणि कमरेला खिसा. दाईनं त्यात हात घातला, काढला, पुन्हा घातला आणि ती हसू लागली.

तिसरं वस्त्र शिवायला वेणुमती बसली, तेव्हा तिला गुरू आठवले नाहीत आणि बाजारही आठवला नाही. तिनं डोळे मिटून ताग्यांवर हात फिरवला. घालून पाहिलं, चालून पाहिलं, उकिडवं बसून पाहिलं, खिडकीवर चढून पाहिलं. रेशीम टाकलं, ते घामानं अंगाला चिकटे. घोळ टाकला, ती ढांगा टाकत चाले. गळ्याशी काही आलेलं तिला लहानपणापासून खपत नसे, तेव्हा गळा उघडा ठेवला. उजवी बाही आखूड, कारण तो कामाचा हात. डावी लांब, कारण घाम पुसायला लागते. रंग गर्द निळा. पाठीवर गोणपाटाचं थोरलं ठिगळ लावलं. तो खरखरीत स्पर्श आपल्याला आवडतो, हे तिला त्याच दिवशी कळलं. ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दाई, कसं..."

आणि तिनं ओठ मिटले.

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," दाई म्हणाली.

"म्हणून तर नाही विचारलं."

तिसऱ्यांदा ती बाजारात शिरली. लोकांना आता सवय झाली होती. ते वाट पाहतच होते.

"पोरी, एक बाही शिवायची राहिली बघ!" भाजीवाली म्हणाली.

बाही थरथरली. "हो मावशी, आखूडच आहे," वेणुमती म्हणाली. बाही थांबली.

"पाठीला ठिगळ! राजाच्या घरी काय कापडाचा दुष्काळ पडला?" सोनार म्हणाला.

ठिगळाची एक शिवण सुटली. वेणुमतीला वाटलं, त्याला सौंदर्यशास्त्रावर एक व्याख्यान द्यावं. तिनं ते गिळलं. "मला आवडतं," ती म्हणाली. शिवण पुन्हा बसली.

अशी ती चालली. प्रत्येक वाक्याला वस्त्र शहारत होतं, तिच्याकडे कान लावत होतं, आणि ती नवं काही मागत नाही असं पाहून स्थिर होत होतं. पश्चिमवेशीत कुसुंबा आत्या येऊन बसली होती, मुद्दाम.

"वेणू," आत्या म्हणाली, "तुझ्या भल्यासाठी सांगते. शोभत नाही."

हे लागलं. निळा रंग पांढुरका होऊ लागला. वेणुमतीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. आत्याचं पोतं कसं दिसतं, तिची मान कशी दिसते, सगळं. त्या एका वाक्यानं आत्या जन्मभर घरात बसली असती.

वेणुमती तिच्यासमोर बसली. "आत्याबाई, मला नाही शोभत, बरं. पण तुम्हाला काय घालायला आवडतं?"

साऱ्या राज्याला नावं ठेवणारी आत्या आपल्या पायांकडे पाहू लागली. मग अगदी हळू म्हणाली, "लुगडं पायात येतं गं माझ्या. लहानपणापासून येतं. मला शिपायांसारखी सुरवार हवी होती."

आणि आत्याच्या अंगावर सुरवार आली. ती उठली, एक पाय पुढे टाकला, दुसरा टाकला आणि वेशीच्या दगडावर टुणकन चढली. वेणुमतीनं वेस ओलांडली. तिचा निळा रंग भरून आला. टेकडीवर चरख्याचं चाक थांबलं आणि शाप सुटला.

मग काय, राज्यात नुसता कल्लोळ झाला. सोनारानं गोंड्याची टोपी घातली. सासू आणि सून एकाच रंगावरून भांडल्या आणि दोघींनी तोच घातला. नावं ठेवणं काही थांबलं नाही; उलट आता ठेवायला खूप काही होतं. फक्त कपडे ऐकेनासे झाले.

दिवेलागणीला वेणुमती धावत पडद्यापाशी गेली. "आईसाहेब, शाप सुटला! या बाहेर!"

पडदा जरासा हलला. मग आवाज आला, "मी काय नेसू? तू सांग."

"मी नाही सांगणार."

"एवढी शिकून आलीस ना? मग सांग की!"

"आईसाहेब, हेच तर..."

"मला आठवत नाही, वेणू," राणी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मला काय आवडायचं, तेच आठवत नाही. तू शीव. तू म्हणशील ते घालते, आणि बाहेर येते. आत्ता येते."

वेणुमतीच्या डोक्यात आईसाठी कितीतरी वस्त्रं तयार होती. उन्हाच्या किनारीचं, धुक्याच्या अस्तराचं. एक शब्द बोलायचा अवकाश, आई बाहेर आली असती. बारा वर्षं तिनं कुणीतरी असं म्हणण्याचीच वाट पाहिली होती. ती वैतागानं उठली, दालनात येरझाऱ्या घातल्या आणि काही न बोलता निघून गेली.

सकाळी तिनं ठरवलं. भांडार उघडायला लावलं आणि त्यातला एकूण एक तागा, सूत, लोकर, रेशीम, गोणपाटसुद्धा, पडद्याच्या आत ठेववला. वर आपली कात्री ठेवली. मग उंबऱ्यावर पाठ करून बसली आणि म्हणाली, "आईसाहेब, लागेल तेवढा वेळ घ्या, मी इथेच आहे. हाक मारलीत तर येईन. कशी दिसते असं विचारलंत तर येणार नाही."