न बुडणारी वाटी

एका राज्यात भर बाजारचौकात एक दगडी मनोरा उभा राहिला. उंची नव्याण्णव हात, माथ्यावर घड्याळ, घड्याळाखाली घंटा. मनोऱ्याच्या पायथ्याशी कुशाजी नावाचा म्हातारा बसे. गावाला वेळ सांगण्याचं काम त्याच्या घराण्याकडे. पुढ्यात पाण्याचं घंगाळ, पाण्यावर तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. घटकाभरात वाटी भरून बुडे, की कुशाजी थाळीवर टोला देई. तीन पिढ्या गाव त्या टोल्यावर जेवलं, झोपलं, बोहल्यावर चढलं. आता घंटा वाजू लागली आणि टोल्याकडे कुणी कान देईना.

मनोरा बांधणाऱ्या मल्हण कारागिराला राजाने सोन्याचं कडं दिलं. कुशाजीच्या पोटात दुखू लागलं. त्यातच त्याच्या लेकीचं, केतकीचं, लग्न ठरलं आणि व्याही म्हणाले, "मुहूर्त मनोऱ्याच्या घड्याळावर धरू." झालं! आगीत तेल पडलं.

कुशाजी तडक चेटकिणीच्या गुहेत गेला. "मल्हणचं घड्याळ बंद पाड."

"पाडते. पण हेवा दुसऱ्याच्या दारात सोडला तरी घरी परत येतो हो!" असं म्हणून तिने काळा खडा दिला. लग्नाच्या सकाळी कुशाजीने तो घड्याळाच्या चाकात टाकला.

काटे थांबले. सूर्यही थांबला. चौकातल्या मांडवात अंतरपाट धरलेला. भटजींनी आठही मंगलाष्टकं संपवली, पुन्हा पहिल्यापासून धरली, तरी मुहूर्त येईना. पाहुण्यांच्या मुठीत अक्षता घामाने भिजल्या. कुशाजी मनात हसला. त्याने ऐटीत आपली वाटी पाण्यावर सोडली. वाटीत थेंब शिरेना! ती नुसती तरंगत राहिली.

"बाबा," केतकी कळवळून म्हणाली, "तुमची वाटी कधी खोटी ठरली नाही. आज असं काय झालं?"

कुशाजीला रडू फुटलं. तेव्हा मनोऱ्यावर बसलेली एक साळुंकी माणसाच्या वाणीने बोलली, "नागाच्या विहिरीचं पाणी आण, चाक धू. राक्षसाच्या घाण्याचं तेल आण, चाकात घाल. मग चारचौघांत मल्हणला मान दे. खडा निघेल."

कुशाजीने नागाला झोपवून पाणी आणलं. राक्षसाच्या घाण्याला स्वतःला जुंपून तेल आणलं. चाक धुतलं, त्यात तेल घातलं. वेळच थांबलेली, त्यामुळे उशीर झाला नाही. तिसऱ्या कामापाशी मात्र तो अडला.

"मनोरा... बरा आहे," तो पुटपुटला.

खडा हलला नाही. "मनातलं बोल," साळुंकी म्हणाली.

कुशाजीने लेकीकडे पाहिलं. उभं राहून राहून तिचे पाय सुजले होते. तो पाहुण्यांतल्या मल्हणपुढे जाऊन उभा राहिला. "मल्हणजी, तुमची घंटा पहिल्या दिवशी ऐकली तेव्हाच मला कळलं, असं काम माझ्या हातून सात जन्मांत व्हायचं नाही. म्हणून जळलो. खडा मीच टाकला."

खडा खळकन खाली पडला. घंटा वाजली आणि वाटी बुडाली, दोन्ही एकाच क्षणी. अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या, सूर्य पुढे सरकला.

कुशाजी मान खाली घालून शिक्षेची वाट पाहत होता. मल्हण त्याच्या पाया पडला.

"बाबा, घड्याळ पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा काटे कुठे लावायचे हे मला कुणी सांगितलं असेल? मी तुमचा टोला ऐकला आणि त्यावर काटे लावले."

कुशाजीच्या मनातला खडा त्या दिवशी निघाला. ऐकणाऱ्यांच्याही मनातला निघो, आणि ज्याचा त्याचा मुहूर्त वेळेवर येवो.