चाळीस मावळ्यांचा सेनापती

चाफेवाडीत म्हादबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं सगळं ऐकायचा, आणि जसं सांगितलं अगदी तसंच करायचा. म्हणून त्याला काही सांगायच्या आधी शहाणी माणसं दोनदा विचार करत.

त्या भागात एक खूळ होतं. दिवाळीत पोरं किल्ले करतात, त्यावर मातीचे मावळे मांडतात, हे सगळीकडेच आहे. पण दिवाळी सरली की इथले बाप्ये ते मावळे माळ्यावर टाकत नसत. टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर मांडायचे, फासे टाकायचे आणि एकमेकांच्या सैन्याशी लढायचं. पुढे स्पर्धा आल्या. स्पर्धांबरोबर नियम आले आणि नियमांबरोबर भांडणं आली. गाव बदललं की नियम बदलायचे, आणि जो तो म्हणायचा, खरा खेळ आमचाच, बाकीचे भातुकली खेळतात.

म्हादबाकडे चाळीस मावळे होते. आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, हातानं घडवलेले. आप्पा गेल्यापासून म्हादबाचा सगळा जीव त्या मावळ्यांत होता. पण चाफेवाडीच्या मंडळाचा नियम कडक. वर्षभरात जे सैन्य एकही लढाई जिंकणार नाही, ते मंडळाच्या काचेच्या कपाटात जाणार, कुलपात, कायमचं. म्हादबा अजून एकही जिंकला नव्हता आणि चारच स्पर्धा उरल्या होत्या.

पहिली निंबोळ्याला झाली. निंबोळ्यात सगळा खेळ टेपवर. मावळ्यानं एका वेळी वीतभर चालायचं, केसभरही जास्त नाही. म्हादबानं मावळा उचलला आणि थेट शत्रूच्या तंबूत नेऊन ठेवला.

"अहो, हा तिथं कसा गेला?" पंच ओरडले.

"पळत गेला," म्हादबा म्हणाला.

बाद.

घरी थोरली बहीण होती, गोदाक्का. तिनं सगळं ऐकून घेतलं. "आरं, मोजल्याबिगर कुणी पाऊल टाकतं व्हय? आदी टेप लावायचा, मग हलायचं."

"बरं, अक्का."

दुसरी स्पर्धा टाकवड्याला. टाकवड्याचे लोक टेपचं नाव काढलं तरी कानांवर हात ठेवत. तिथं शत्रू किती लांब आहे ते नुसत्या नजरेनं सांगायचं, मग पंच मोजणार. अंदाज चुकला की बाण वाया. याला ते मर्दानी खेळ म्हणत. म्हादबानं दारातच टेप काढला. दारापासून टेबलापर्यंत मोजलं, मग चालला. खुर्ची मोजली, मग बसला. चहा आला, तेव्हा कपापासून ओठापर्यंत मोजलं आणि मग घोट घेतला. समोरचे गृहस्थ हात मिळवायला पुढे झाले.

"थांबा, पाव्हणं," म्हादबा म्हणाला आणि त्यांच्या नाकाला टेप लावला. "दीड हात. या आता."

बाद.

"शाना कुठला!" गोदाक्का म्हणाली. "गावागावाची रीत असती. आपल्याला ठाव नसंल तर समोरच्याला इचारावं, 'पाव्हणं, चालंल का?' तो व्हय म्हनला तरच हात लावायचा."

"बरं, अक्का."

तिसरी सोनखांबला. सोनखांबात जिंकण्यापलीकडे दुसरं दैवत नाही. तिथल्या खेळाडूंना नियमांची वही तोंडपाठ, घरातल्यांची नावं मात्र आठवून सांगावी लागत. म्हादबासमोर आला भाऊराव, तीन वर्षांचा विजेता.

"पाव्हणं, ह्यो मावळा म्होरं घेऊ? चालंल का?"

भाऊरावानं आयुष्यात असा शत्रू पाहिला नव्हता. त्यानं जरा अंदाज घेतला. "नाही चालणार."

"बरं. मग ह्यो?"

"तोही नाही."

"फासा टाकू?"

"कशाला त्रास? तुमच्या वाटचा मीच टाकतो."

"लई उपकार झाले."

पाव तासात चाळीसही मावळे आडवे झाले. भाऊरावाला चषक मिळाला आणि म्हादबाला खिलाडूवृत्तीचं प्रमाणपत्र. ते हरणाऱ्यालाच देतात.

गोदाक्कानं प्रमाणपत्र बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "वैऱ्याला काय इचारतोस, मुडद्या! पंच सांगंल त्येवढंच ऐकायचं. त्याचा शबुद खाली पडू द्यायचा न्हाई." मग तिनं पदर डोळ्यांना लावला. "म्हादबा, आप्पांचे मावळे कुलपात गेल्यालं मला बघवायचं न्हाई रं. ही शेवटची."

म्हादबाच्याही डोळ्यांत पाणी आलं. "बरं, अक्का," तो म्हणाला.

शेवटची स्पर्धा चाफेवाडीतच होती. टेबलाच्या मधोमध पुठ्ठ्याचा किल्ला. घंटा होईल तेव्हा किल्ल्यात ज्याचं माणूस उभं, तो जिंकला. पंच होते खंडू गुरुजी. गुरुजी म्हणाले, फासा टाका, म्हादबानं टाकला. गुरुजी म्हणाले, थांबा, तो थांबला. फासेही त्या दिवशी त्याच्यावर खूश होते. शत्रूचे सगळे मावळे पडले. म्हादबाचे एकोणचाळीस पडले आणि टेबलाच्या कडेला ताटात जाऊन निजले, पण चाळिसावा किल्ल्यात उभा होता. एक मिनिट उरलं होतं.

तेवढ्यात चाळिसाव्याचा पाय मोडला आणि तो आडवा झाला.

"गुरुजी!" म्हादबा ओरडला. "पडला ओ!"

"पडलेला धरत नाहीत," गुरुजी वहीतून मान वर न करता म्हणाले. "घंटेला तुमच्याकडचं कुणीतरी किल्ल्यात उभं पाहिजे."

"कुनीबी चालंल?"

"कुणीही."

म्हादबानं विचार केला. एकोणचाळीस मेलेले, एक लंगडा. आपल्याकडचं उरलं कोण? त्यानं चपला काढल्या. एक पाय कडेच्या ताटात दिला. ताटात कडकड वाजलं. दुसरा पाय किल्ल्यात दिला आणि तो ताठ उभा राहिला.

घंटा झाली.

आधी कुणाला काही सुचेना. मग एकदम सगळ्यांनाच सुचलं. शत्रू ओरडला, "हा माणूस आहे!" दुसरा म्हणाला, "मग मावळे काय बैल असतात?" तिसरा म्हणाला, "मातीचाच पाहिजे असं वहीत कुठं आहे?" दोन तास वही उलटीसुलटी झाली. सगळे वहीत बघत होते, म्हादबाच्या पायाखाली कुणी बघितलं नाही. शेवटी गुरुजींनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "नियमात बसतं. म्हादबा विजयी. सैन्य कपाटात जाणार नाही. म्हादबा, तुमचं सगळं सैन्य घरी घेऊन जा."

गोदाक्का दारातच वाट बघत होती. म्हादबा घमेलं डोक्यावर घेऊन धावतच आला.

"अक्का, जिंकलो! मावळे घरी आणले!"

तिनं घमेलं खाली उतरवलं आणि आत बघितलं. आत तांबड्या मातीचा भुगा होता.

"म्हादबा... ह्ये काय रं?"

"चाळीसच्या चाळीस हायेत, अक्का," म्हादबा घाम पुसत म्हणाला. "गुरुजींनी सांगितलं, सगळं सैन्य घरी न्या. दोनदा झाडून घेतलं, एक कनबी मागं ठेवला न्हाई."