निमूटपणाची माळ

पूर्वी गोदेच्या काठी, पोतली नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्वाने राजाच्या श्वानपालाच्या घरी जन्म घेतला. नगरातल्या कुत्र्यांना वळण लावणे हे त्या घराचे काम. मुलगा कुत्र्यांच्या कुशीतच वाढला. सोळाव्या वर्षी तो तक्षशिलेला गेला, सात वर्षे पशुवैद्यक शिकला, आणि आपल्या विद्येचा आपल्या नगरीतल्या मुक्या जिवांना उपयोग व्हावा या एकाच ओढीने पायी परत आला.

तो पोहोचला तेव्हा संध्याकाळ होत होती. नदीच्या वाळवंटावर नगरातले प्रतिष्ठित लोक आपापली कुत्री घेऊन फिरत होते. कुत्री तीसेक असतील. काही दोरीला होती, बहुतेक मोकळी होती. बोधिसत्त्व पाहतच राहिला. तीस कुत्री एकमेकांना हुंगत होती, एकमेकांच्या वाटेत येत होती, आणि त्यांच्यातून एकही आवाज निघत नव्हता. सात वर्षांत त्याने हजारो कुत्री पाहिली होती, पण अशी शांतता कधी अनुभवली नव्हती. 

"बाबा, ही आजारी आहेत का?" घरी येताच त्याने विचारले.

म्हातारा श्वानपाल अभिमानाने हसला. "आजारी कसली! निमूट आहेत. शरद पौर्णिमेला महाराज स्वतः एकेकाच्या भांड्यात हात घालतात. जो हूं की चूं करत नाही, त्याच्या गळ्यात कण्हेरीची माळ पडते. मग मालकाला वर्षभर मान. सगळ्या नगराला त्याचंच वेड लागलंय."

"पण गप्प कशी केली?"

"गुरगुरला की नाकावर छडी. चार दिवसांत विसरतो. मीच घालून दिलंय हे वळण."

बोधिसत्त्वाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. ज्या हातांनी त्याला पिल्ले उचलायला शिकवले होते, तेच हे हात.

"बाबा, गुरगुर हा त्याचा शब्द आहे. 'सरका, मला हे नको आहे,' एवढंच तो सांगत असतो. शब्द काढून घेतला तर त्याच्यापाशी नुसते दात उरतात."

"सात वर्षं घालवलीस नि कुत्र्याचं व्याकरण शिकून आलास होय!" म्हातारा म्हणाला आणि भाकरी थापायला बसला.

दुसऱ्या दिवसापासून बोधिसत्त्व वाळवंटावर जाऊ लागला. तो प्रत्येक मालकाला थांबवी आणि हात जोडून सांगे, "दोरी आखूड धरा. समोरून कुणी आलं तर आधी विचारा. कुत्र्याने मान वळवली, ओठ चाटले, अंग ताठ केलं, तर त्याला बाजूला घ्या. आणि कृपा करून त्याला गुरगुरू द्या." लोक ऐकत, एकमेकांकडे पाहत आणि पुढे जात. कुणी म्हणे, "आमचा काही करत नाही हो." कुणी म्हणे, "ह्याला आधी माणसांत बसायला शिकवा." बोधिसत्त्वाचा आवाज तापे, पण पाय मागे येत नसत.

नगरश्रेष्ठी शंखदत्ताचा कुत्रा सर्वांत देखणा होता. कांबोज देशातून आणलेला, छातीने रुंद, करड्या रंगाचा. त्याचे नाव वज्र. लागोपाठ दोन वर्षे माळ त्याच्याच गळ्यात पडली होती. शंखदत्ताच्या हातात चांदीच्या मुठीची छडी असे. ती त्याच्या पदाची खूण होती, आणि वज्राच्या नाकावर तिचाच एक बारीक पांढरा वण होता.

एके दिवशी सोमा कुंभारीण नदीकाठची माती टोपलीत घेऊन वर येत होती. वज्र मोकळाच होता. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. सोमा थांबली.

"श्रेष्ठी, कुत्रा धरा ना जरा."

"अगं, काही करत नाही तो!" शंखदत्त लांबूनच म्हणाला.

"धरा की पण. भीती वाटते मला."

शंखदत्ताबरोबरचे लोक हसले. एक जण म्हणाला, "दिवसभर चाक गरगर फिरवते आणि कुत्र्याला भिते!"

"तू भितेस म्हणूनच त्याला चेव येतो," शंखदत्त म्हणाला. "हात लाव त्याच्या डोक्याला. लाव, लाव. माळेचा कुत्रा आहे, तुझ्यासारखीला असा हात लावायला मिळायचा नाही."

बोधिसत्त्व पन्नास पावलांवर होता. त्याने वज्राला मान वळवताना पाहिले. ओठांवरून जीभ फिरताना पाहिली. शेपटी दगडासारखी थांबलेली पाहिली. "हात नको!" असे ओरडत तो धावला. पण नगरश्रेष्ठीने सांगितलेले मोडायचे कसे, म्हणून सोमाचा हात तोवर पुढे गेला होता.

वज्राने काहीही आवाज न करता तिचा अंगठा धरला.

टोपली पडली. ओल्या मातीवर रक्त सांडले. कुत्रा अंगठा सोडून मागे सरला आणि पुन्हा तसाच निमूट उभा राहिला. माणसेही निमूट उभी होती.  मग पहिला आवाज आला तो शंखदत्ताचा.

"हिनंच काहीतरी केलं असणार."

सोमा रडायची थांबली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. चावण्याने तिला जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा त्या वाक्याने बसला.

बोधिसत्त्वाने आपले उपरणे फाडून तिचा हात बांधला. अंगठा वाचेल, पण पहिल्यासारखा वळणार नाही, हे त्याने पाहताक्षणी ओळखले. चाकावर मातीला आकार देणारा अंगठा होता तो.

पोतलीचा नियम असा होता की, माणसाला चावणारा कुत्रा जन्मतः दुष्ट ठरला तर त्याला तिसऱ्या दिवशी मारावे, आणि मालकावर दोष नसावा; तसा न ठरला तर दोष मालकाचा. कुत्र्याचा स्वभाव ठरवण्याचे काम श्वानपालाचे. म्हातारा आता थकला होता, म्हणून राजाने ते काम बोधिसत्त्वाला दिले. वज्राला पिंजऱ्यात घातले गेले.

दुसऱ्या दिवशी शंखदत्त स्वतः श्वानपालाच्या घरी आला.

"पंडिता, नदीपलीकडची माझी आमराई पाहिली आहेस ना? म्हाताऱ्या आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी जागा हवी म्हणून तू गावभर सांगत फिरतोस, असं ऐकलं. ती घे. तीस कुत्री सहज मावतील. तू सभेत फक्त एवढंच म्हण, की वज्राचं रक्तच वाईट आहे."

"आणि वज्र?"

"तो तसाही चावलाच आहे. एकाच्या बदल्यात तीस. तुम्हा शिकलेल्यांना हिशेब तरी कळत असेल."

 शंखदत्त गेल्यावर बोधिसत्त्व नदी ओलांडून आमराईत गेला. झाडांखाली दाट सावली होती, विहिरीला पाणी होते. पाण्याची कुंडी कुठे ठेवता येईल, आजारी कुत्री कोणत्या झाडाखाली बांधता येतील, हे त्याच्या डोळ्यांना आपोआप दिसू लागले. मनात एकेका झाडाखाली तो एकेक कुत्रा बसवत चालला, आणि शेवटच्या झाडाशी येऊन दचकला. कुत्र्यांच्या नावाने एका कुत्र्याला विकायला आपण निघालो आहोत, हे त्याला त्या क्षणी दिसले. इतक्या सहज आपले मन तिथवर पोहोचले, याचाच त्याला अधिक धक्का बसला.

तिथून तो पिंजऱ्याकडे गेला. वज्र कोपऱ्यात पडला होता. माणूस जवळ येताच त्याने मान वळवली, हळूच ओठ चाटले. आवाज न करता तो अजूनही नम्रपणे सांगत होता की, कृपा करून जवळ येऊ नका. बोधिसत्त्व तिथेच मागे सरून, त्याच्याकडे पाठ करून, जमिनीवर बसला आणि बराच वेळ बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी सभा भरली. कुत्री पाळणारे सगळे मानकरी आपापल्या छड्या घेऊन आले होते. सोमाही हाताला फडके बांधून एका खांबाशी उभी होती. वज्राला साखळीने मधल्या कड्याला बांधले होते.

"श्वानपाला," राजा म्हणाला, "हा जन्मतः दुष्ट आहे का?"

"महाराज, मी सांगण्यापेक्षा त्यालाच सांगू द्या. फक्त कुणी हलू नये."

बोधिसत्त्वाने मांसाचे भांडे वज्रापुढे ठेवले आणि तो त्याच्या बाजूला, तोंड दुसरीकडे करून बसला. मग त्याने भांड्याकडे हात नेला. वज्राने खाणे थांबवले आणि डोळे फिरवले.

"हा त्याचा पहिला शब्द," बोधिसत्त्व म्हणाला, आणि त्याने हात मागे घेतला.

पुन्हा हात नेला. वज्राने ओठ चाटले. "हा दुसरा." हात पुन्हा मागे आला. असे वीस वेळा झाले असेल. प्रत्येक वेळी कुत्र्याने सांगितले आणि प्रत्येक वेळी माणसाने ऐकले. वज्र गोंधळून त्या हाताकडे पाहू लागला. इतके दिवस असे कधी झालेच नव्हते.

मग त्याच्या गळ्यातून एक आवाज निघाला. तो गुरगुरण्यासारखाही नव्हता. बंद पडलेले जाते कुणीतरी पहिल्यांदा ओढावे, तसा खरखरीत आणि अडखळता होता.

सपकन हवा कापली गेली.

शंखदत्ताची छडी वर उचललेली होती. ती उचलावी असे त्याने ठरवले नव्हते. तो स्वतःच आपल्या हाताकडे पाहत होता. आणि तो एकटा नव्हता. सभेत दहा-बारा छड्या उठल्या होत्या. सर्वांचे डोळे एकमेकांच्या हातांवर फिरले, आणि शेवटी सिंहासनाकडे वळून तिथेच खिळले. राजाचा हातही बाजूच्या राजदंडावर जाऊन पडला होता.

 वज्राने छड्या पाहिल्या होत्या. तो पोट जमिनीला टेकवून सपाट झाला. त्याचा आवाज बंद झाला, कान मागे गेले, डोळे स्थिर झाले.

"पाहा, महाराज," बोधिसत्त्व हळू म्हणाला, "आता तो पुन्हा माळेला पात्र झाला. आता कुणीही त्याच्याजवळ जाऊ नये."

राजाने राजदंडावरून हात असा उचलला की जणू तो तापलेला होता. "म्हणजे ह्या बाईला चावलं कोण?" त्याने विचारले.

"दात वज्राचे, महाराज. पण जो ऐकून ती सरकली असती, असा एक आवाज त्याच्यापाशी होता. तो आम्ही काढून घेतला. माझ्या वडिलांनी शिकवलं, श्रेष्ठींनी मारलं, आपण माळ घातलीत. आणि तिने तोंडाने सांगितलं, 'धरा, भीती वाटते,' तेव्हा सगळे हसले. तिचीही गुरगुर कुणी ऐकली नाही."

म्हातारा श्वानपाल दाराशी उभा होता. तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

राजाने सोमाकडे पाहिले. "बाई, तुला काय हवं? ह्या कुत्र्याचा जीव?"

"त्याचा जीव घेऊन माझा अंगठा वळणार आहे का, महाराज?" सोमा म्हणाली. "तीन दिवस झाले. ह्या नगरातला कुत्रा दिसला की लोक त्याचं नाव विचारतात, वय विचारतात. मला, हात कसा आहे, असं श्रेष्ठींनी एकदाही विचारलं नाही. माझ्या दाराशी येऊन तेवढं विचारावं."

राजाने तसा निवाडा दिला. वज्राची साखळी त्याने बोधिसत्त्वाच्या हाती सोपवली, शंखदत्ताला जन्मभर कुत्रा पाळण्याची मनाई केली, आणि सोमाच्या घराचा भार त्याच्यावर घातला. त्या शरद पौर्णिमेला कण्हेर झाडावरच राहिली.

चौथ्या दिवशी शंखदत्त कुंभारवाड्यात गेला. कितीतरी वेळ तो सोमाच्या दाराशी उभा होता. तीन-चारदा त्याने तोंड उघडले आणि मिटले. शेवटी त्याने विचारले. सोमाने उंबऱ्यावरूनच हात दाखवला.

आमराई अर्थातच मिळाली नाही. बोधिसत्त्वाने घरामागच्या अंगणातच पाच-सहा कुत्री ठेवली, तेवढीच मावत होती. म्हाताऱ्याने आपल्या छड्या दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून रोवल्या आणि पुन्हा कधी उपटल्या नाहीत. वज्र लाडका वगैरे कधी झाला नाही. जन्मभर तो माणसांवर गुरगुरला. पोतलीचे लोक ते ऐकून दोन पावले बाजूने जाऊ लागले. तो पुन्हा कुणालाही चावला नाही.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहाराच्या अंगणात सांगितली. समोर एक उपासक आपल्या कुत्र्यासह बसला होता. त्या सकाळी तो मोकळा कुत्रा भिक्षेला निघालेल्या वृद्ध भिक्खुणी सोमिलेच्या चिवराला झोंबला होता, आणि उपासक हसत म्हणाला होता, "आर्ये, काही करत नाही तो." कथा ऐकता ऐकता त्याने कुत्र्याची दोरी मुठीवर गुंडाळत आणली होती.

शास्ते म्हणाले, "उपासका, त्या जन्मीचा शंखदत्त तूच होतास. सोमा म्हणजे ही सोमिला. राजा सुषेण म्हणजे ह्या विहाराचे स्थविर. म्हातारा श्वानपाल आज तुझ्या शेजारी तुझा पिता होऊन बसला आहे. आणि श्वानपालाचा तो मुलगा मी होतो."

"भगवन्, आणि वज्र?" एका भिक्खूने विचारले.

शास्ते म्हणाले, "आज सकाळी तो कुत्रा झोंबला तेव्हा तुमच्यापैकी एकच जण म्हणाला होता, 'मला भीती वाटते, कुणीतरी त्याला धरा.' भिक्खूला हे शोभत नाही, असे म्हणून तुम्ही त्याला गप्प केलेत. वज्र म्हणजे तो सोणुत्तर."

अंगणातल्या भिक्खूंच्या माना खाली गेल्या. मागच्या रांगेत बसलेल्या सोणुत्तराला जागा करून देण्यासाठी शेजारचे दोघे मुकाट्याने बाजूला सरकले.

ही सत्यपारमितेची कथा. आमराई समोर असताना खरे बोलणे हे सत्य. आणि दुसऱ्याचे खरे त्याच्या गळ्याबाहेर येऊ देणे, हेही सत्यच.