झैनूआजीच्या पायातली घंटा

समुद्राकाठी एक राजा राहायचा. त्याच्या उसाच्या मळ्यात दूरदेशची माणसं राबायची. आपखुशीनं नाही, बरं का. गलबतातून धरून आणलेली, गुलाम केलेली. पळून जाऊ नयेत म्हणून राजानं प्रत्येकाच्या पायात पितळी कडं घातलं होतं, आणि कड्याला घंटा. दिवसभर मळा वाजायचा. बांधावरचा राखणदार डोळे मिटून नुसता ऐकत पडायचा.

मग एकदा सगळ्यांनी ठरवलं, डोंगरापलीकडच्या रानात जायचं. घंटांमध्ये कापूस कोंबला आणि निघाले. पण मळा गप्प झाला तसा राखणदार जागा झाला. आणलं धरून. मग दुसऱ्यांदा कापसाशिवाय पळाले. राखणदार घंटा ऐकत ऐकत मागे आला. पुन्हा धरलं.

त्यांच्यात मरजान म्हणून एक होता, माडासारखा उंच. भेंडी चिरली की हात कसे बुळबुळीत होतात? काल तुमच्याकडे भेंडीच होती ना, वास आला मला. तर मरजाननं भेंड्या ठेचल्या आणि तो रस सगळ्यांच्या घोट्यांना चोळला. कडी सुळकन निघाली. मग ती दोरीनं बांधली शेळ्यांच्या गळ्यात. भर दुपारी शेळ्या उसात हिंडताहेत, घंटा वाजताहेत, राखणदार घोरतोय.

पण झैनूआजीचं कडं निघेना. म्हातारीचा पाय सुजलेला. ती म्हणाली, "तुम्ही जा रे. मी बसते इथे वाजवत."

मरजान खाली बसला. "मग आम्हीपण बसतो. थाप सगळ्यांच्या भाकऱ्या."

आता झैनूआजीची एक सवय होती. बांधावरचं मधाचं पोळं तिनं कधी पुरतं पिळलं नाही. अर्धा मध माश्यांना ठेवायची. लोक हसायचे तिला. त्याच माश्या घूं घूं करत आल्या, आजीच्या घंटेत शिरल्या, आत मेण लावलं आणि तिथेच राहायला लागल्या. घंटा मुकी झाली. मरजाननं आजीला पाठीवर घेतलं. माश्या चावतील म्हणून तो कुरकुरला, तर आजी म्हणे, माझ्या आहेत त्या, तू नीट चाल.

मग रानात त्यांनी गाव वसवलं. कुडाची घरं बांधली, दारोदार भेंडी लावली. राजाचे शिपाई तीनदा आले. कान लावून उभे राहिले. घंटा कुठली ऐकू येतेय! नुसती माश्यांची गुणगुण. गेले परत. मागून आणखी माणसं पळून आली. आल्या आल्या त्यांच्या घोट्याला भेंडीचा रस. त्या गावात गाईच्या गळ्यातही घंटा बांधत नाहीत. कुणी दिसलं नाही तर नावानं हाक मारतात.

आणि एक दिवस आजीच्या पायाची सूज उतरली. कडं आपोआप गळून पडलं. मरजान ते दरीत फेकायला निघाला, तर आजीनं ते त्याच्या हातातून घेतलं आणि अंगणातल्या झाडाला टांगलं.

"माझं कधीच नव्हतं ते," ती म्हणाली. "आता या माश्यांचं घर आहे."

मग तिनं सगळ्यांच्या भाकरीवर मध घातला, अर्धाच हं, आणि सगळी सुखानं राहिली.

घ्या बघू आता पाय पांघरुणात. वाजतंय का कुणाच्या पायात काही? नाही ना? मग झोपा.