तळसरच्या रग्बी मंडळाचं दार

पाहुणा संघ आला की कपडे बदलायला मंडळाच्या खोलीत जातो आणि लगेच बाहेर येऊन विचारतो, "बाई, खोलीला दार नाही का?" दार आहे. ते तिकडे मैदानाच्या टोकाला, तलावाच्या बांधात बसवलेलं दिसतंय ना, तेच. जुनं सागवानी आहे. सामना सुरू व्हायच्या आधी आमचे आठ गडी त्या दाराला खांदे लावतील, तेव्हा कृपा करून हसू नका. मागच्या साली एक संघ हसला होता. मी वर टेकडीवरच्या देवळापाशी उभी होते, तरी मला ऐकू आलं.

म्हणून आता आधीच सांगते. मी इथल्या बालवाडीवर तीस वर्षं शिकवलं, खालच्या आळीत राहते, आणि आज हाक द्यायची पाळी माझी आहे. कसली हाक, ते कळेलच.

तळसरला रग्बी आणली दौलत हवालदारांनी. पलटणीतून पेन्शन घेऊन आले ते लांबट चेंडू काखेत मारूनच आले, असं सांगतात. गावानं पुष्कळ टिंगल केली. धडधाकट माणसं म्हशींसारखी डोकी लावून ढकलाढकली करतात, याला काय खेळ म्हणायचं! पण हवालदार हट्टी. बांधाखालची ही जागा मिळवली, खोली बांधली, पंधरा गडी जमवले.

तुमच्याबरोबर आलेल्या आयांना स्क्रम माहीत नसेल. आठ जण एकमेकांना घट्ट धरून, डोकी खाली घालून रेटतात. पुढच्या ओळीतल्या मधल्या गड्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर अडकलेले असतात. त्याला दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं. आणि सुटताना तो शेवटी सुटतो. हवालदारांच्या संघात मधला होता केरबा, तानूबाईचा एकुलता एक मुलगा.

एका वर्षी हस्ताचा पाऊस चार दिवस हटला नव्हता. रविवारी दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून गडी मैदानात उतरले, आणि बांधाच्या पोटातल्या, पाणी सोडायच्या मोरीची झडप फुटली. पाण्याबरोबर बांधाची माती वाहायला लागली. मैदानाच्या खाली बावीस घरांची आळी. बांध गेला असता तर एक माणूस उरलं नसतं. हवालदारांनी खोलीचं दार उखडलं, मोरीच्या तोंडावर लावलं आणि आठ जणांना सांगितलं, "स्क्रम धरा! आळी रिकामी होईस्तोवर हलायचं न्हाई. देवळापासनं 'सगळे वर आले' अशी हाक आली की मगच सोडायचं." बाकीचे सात जण आळीकडे पळाले.

एका इंजिनीअर साहेबांनी मला कागदावर आकडे मांडून दाखवलं की आठ माणसांनी असं पाणी अडत नाही. नसेल अडत. मी ऐकलं तसं सांगते.

माणसं टेकडीवर चढत राहिली. इकडे दाराच्या फटींतून पाणी तोंडावर उडत होतं, बांध कुरकुरत होता, मागचे गडी केरबाला पुन्हा पुन्हा विचारत होते, "आली का रं हाक?" आणि केरबा म्हणत होता, "अजून न्हाई."

शेवटी हाक आली. "सगळे वर आले रं! सोडा आता!"

सात जणांचे खांदे ढिले पडले. पण केरबा ओरडला, "थांबा! आवाज खालनं आलाय."

आवाज त्याच्या आईचा होता. तानूबाईचा पाय श्रावणात मोडला होता, ती खाटेला खिळून होती. पळापळीत प्रत्येकाला वाटलं, तिला दुसऱ्यानं नेलं. आळी सामसूम झाली तेव्हा म्हातारीला सगळं कळलं. बांधाची कुरकुर तिलाही ऐकू येत होती. आपल्यापायी आठ पोरं जायला नकोत म्हणून ती खाटेवरूनच खोटं ओरडली.

केरबानं विचारलं, "आये, कुठनं बोलतीस?"

"वरनं."

"खरं सांग. कुठनं बोलतीस?"

यावर म्हणे तानूबाईला रडूच फुटलं.

आठांपैकी एकानंही पाय मागे घेतला नाही. हवालदार स्वतः खाली धावले आणि तिला पाठुंगळी मारून टेकडी चढले. किती वेळ लागला हे कोणी नीट सांगत नाही. मग देवळापासून तानूबाईची हाक आली, "आता वर हाय रं लेकरा! सोड!"

कडेचे सुटले, मागचे सुटले. सात जण वर चढले. मधला शेवटी सुटतो. दार गेलं, मागोमाग बांध गेला, पाणी मैदानावरून आळीत शिरलं. बावीस घरं वाहून गेली, पण आत माणूस एकही नव्हतं. तानूबाई देवळाच्या पायरीवर बसून अंधार पडेपर्यंत हाका मारत होती, "केरबा, कुठनं बोलतोस?"

दार चौथ्या दिवशी सापडलं. केरबा सापडला नाही, असं सांगतात. बांध नव्यानं घातला तेव्हा गावानं ते दार त्यात बसवलं, आणि खोलीला दुसरं दार करायचं कोणाच्या मनात आलं नाही.

आजही प्रत्येक सामन्याआधी आठ गडी त्या दाराला खांदे लावतात. खालच्या आळीतली एक बाई देवळापाशी जाऊन हाक देते. मधला गडी विचारतो, "कुठनं बोलतीस?" आणि तिनं खरं सांगायचं असतं. गेल्या खेपेला गुडघे दुखतात म्हणून मी निम्म्या पायऱ्यांवरूनच हाक दिली, तर माझ्या नातवानं स्क्रम सोडला नाही. मधला हल्ली तोच असतो. "पायरीवरनं" असं कबूल करून मला वर चढावंच लागलं.

मग ते सुटतात, आणि वरून मी विचारते, "केरबा, कुठनं बोलतोस?" त्याचं उत्तर केरबाच्या वतीनं मैदानावरच्या सगळ्यांनी द्यायचं असतं. दोन्ही संघांनी, पंचांनी, तुम्हीसुद्धा. "वरनं!" एवढंच म्हणायचं. पण मोठ्यानं म्हणा. गेल्या आठवड्यापासून बांधाला दाराशेजारी ओल दिसते आहे, पंचायतीला कळवलंय, पण अजून कोणी बघायला आलेलं नाही. तुमचा आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.